रबराचा बुश

डब्याचं झाकण टण्णकन् निघालं आणि राहीचे हात जागच्या जागी थांबले. तिनं पाळण्याकडे पाहिलं. धाकट्यानं मूठ उघडली, मिटली आणि पुन्हा लांब श्वास घेतला. चटईवर गोदू पालथी निजली होती. निदान डोळे तरी मिटलेले होते. पाच वर्षांच्या पोरीच्या दुपारच्या झोपेवर फारसं विसंबता येत नाही. पण श्रावणातली दुपार होती, पावसानं जरा उघडीप दिली होती, शेजारणी आपापल्या घरात पाठ टेकून पडल्या होत्या. तासभर तरी मिळण्यासारखा होता, आणि तो सबंध तिचा होता.

डबा बिस्किटांचा, चौकोनी, मोठा. त्यातली बिस्किटं मुंबईतच कुणी तरी खाल्ली होती. आता त्यात मचव्याच्या इंजिनाचे सुटे भाग राहत होते. राहीनं जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली दोन बेरिंगं काढून मांडीवर घेतली. रॉकेलच्या बोळ्यानं एकेक गोळी पुसली, उजेडाकडे धरून कुठे तांबूस ठिपका पडलाय का ते पाहिलं. नाही पडला. मग अंगठ्यानं ग्रीस दाबून भरलं आणि बोटाच्या टिचकीनं कडं फिरवलं. आवाज न करता फिरत राहिलं. ह्या फिरण्याचं तिला अजून अप्रूप वाटे. जात्याचा खुंटा धरून तिचे तळहात सोलवटले होते. इथे एवढं जड लोखंड, आणि पाळण्याच्या दोरीलाही लागतो तेवढा जोर लागत नव्हता.

काशीदच्या अलीकडे, सुरूच्या झाडांमागच्या त्या वाडीत मचव्याला इंजिन बसून दोनच वर्षं झाली होती. तिच्या नवऱ्यानं, इंजिन चालवणाऱ्या हिरामणनं, तिला चुलीतल्या राखेत काडीनं चित्र काढून सगळं समजावलं होतं. मचव्याच्या पोटात इंजिन. तिथून मागे जाणारा लोखंडी दांडा. दांड्याच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. दांडा बेरिंगांवर तोललेला, आणि तो मचव्यातून जिथे बाहेर पडतो तिथे बुश, म्हणजे दांड्याला मधोमध धरून ठेवणारी आखूड नळी. बुश झिजला की दांडा थरथरतो. दांडा थरथरला की बेरिंगं फुटतात. आणि बेरिंगं फुटली की मचवा मधल्या समुद्रात नुसता लाकडाचा ओंडका.

गेल्या मार्गशीर्षात अगदी तसंच झालं होतं. त्याआधीच्या पावसाळ्यात सारे भाग मच्छीमार सोसायटीच्या खोलीत ठेवले होते, खोली गळत होती, आणि गंजलेलं बेरिंग खांदेरीच्या पलीकडे जाम झालं. मचवा शीड उभारून दुसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्याला लागला. मासळी तोवर फेकून देण्याजोगी झाली होती. मचव्याचे धनी धर्माजी, हिरामणचे चुलते. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. त्यांनी हिरामणला बसवून एवढंच सांगितलं की अजून एकदा असं झालं तर इंजिन काढून वाळूत ठेवीन, त्यावर कोंबड्या बसूदेत, आणि माझं शीड मला पुरे.

इंजिन निघालं तर ड्रायव्हरचं काम काय? हिरामण पुन्हा मुंबईच्या गोदीत जाणार. लग्नानंतरची पहिली चार वर्षं तो तिथेच होता. शिमग्याला यायचा, नारळी पुनवेला यायचा. गोदू दोन वर्षांची असताना तो दारात उभा राहिला तेव्हा ती पोर रांजणामागे जाऊन लपली होती आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नव्हती. राहीनं तो दिवस कुणाला बोलून दाखवला नाही, पण विसरलीही नाही. धाकट्याला आता सहावा महिना होता. तो बापाचा आवाज ऐकला की दोन्ही पाय झाडायचा.

म्हणून ह्या वर्षी भाग घरात ठेवायचं ठरलं. धर्माजीकाकांना ते पसंत नव्हतं. चुलीपाशी कुठं मशीन ठेवतात का, उद्या कढीत बेरिंग सापडायचं, असं ते चारचौघांत बोलले आणि माणसं हसली. पण हिरामणनं हट्ट धरला. राहीच्या हाती लोखंड गंजायचं नाही, म्हणाला. शेवटी काका तुझ्या मनासारखं कर म्हणाले आणि डबा राहीकडे आला. डबा देताना हिरामणनं सांगितलं होतं, "सगळं तेलात ठेव."

तिनं ठेवलं. डब्याच्या तळाशी नवा कोरा बुश होता. वैशाखात मचवा किनाऱ्यावर ओढायच्या आधी हिरामणनं मुंबईहून आणलेला. बाहेरून पितळ, आतून काळंभोर रबर, आणि रबराला लांबीच्या खाचा. ह्या पाहुण्याला राहीनं सगळ्यांत जपलं होतं. तिच्या माहेरी, थेरोंड्याला, पावसाळ्यात आई सोनाबाई मुशी माशाच्या कलेजीचं तेल कढवायची आणि होडीच्या फळ्या, वल्ह्यांच्या खुंट्या, कप्प्या, दोर, जे जे म्हणून समुद्रात जाणार त्या सगळ्याला चोळायची, बाळंतिणीला चोळावं तसं. राहीनं तेच केलं. नळीचं एक टोक बुचानं बंद केलं, आत मुशीचं तेल ओतलं, वरून दुसरं बूच मारलं. दर आठ-दहा दिवसांनी बूच काढून बघायची तर तेल खाली गेलेलं असायचं. ती पुन्हा भरायची. चांगलं जेवणाऱ्या पोराकडे बघून आईला वाटतं तसं तिला वाटायचं.

आज तिनं शेवटचं तेल भरलं. नारळी पुनव आठ दिवसांवर आली होती. तिसऱ्या प्रहरी हिरामण डबा न्यायला आला. त्यानं बेरिंगं फिरवून पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्याच्यापुरतं ते पुष्कळ होतं. बुचं मारलेला बुश त्यानं तसाच बगलेत मारला आणि तो किनाऱ्याकडे गेला.

दिवेलागणीला तो परत आला तेव्हा बुश त्याच्या हातातच होता.

काय झालं ते त्यानं पाय न धुताच सांगितलं. बुचं काढून, आतलं तेल घाईत ओतून टाकून, बुश त्यानं जागेवर ठोकला. मागून दांडा सरकवायला गेला तर टोकसुद्धा शिरेना. चौघांनी जोर लावला. साबणाचं पाणी सोडलं. मग एकजण म्हणाला दांडा वाकलाय, दुसरा म्हणाला मचवाच वाकलाय. काका झावळ्यांच्या सावलीत बसून सगळं बघत होते. दांडा तर वाळूत होता, म्हणाले, घरातून काय वाकून आलं ते बघा.

हिरामणनं बुश नाकाजवळ नेला. मग तिच्यासमोर धरला.

"ह्यात काय घातलंस?"

"तेल. मुशीचं."

"किती?"

"पीत व्हता तितकं."

हिरामणनं बुश दिव्याशी धरला. त्यानं करंगळी नळीत घालून दाखवली. रबर फुगून लोण्यासारखं मऊ झालं होतं. खाचा बुजून गेल्या होत्या. राहीनं स्वतः बोट घालून पाहिलं. बोटाला काळं लागलं.

"रबराला तेल चालत न्हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तेच तिला जड गेलं. "ह्येचं तेल म्हंजे दर्याचं पानी. पानी आत जावं म्हनून त्या खाचा. मिस्त्रीनं मला दुकानात उभं करून सांगितलं व्हतं."

"मला कुनी सांगितलं?"

"तेच म्हनतोय. मी सांगाया पायजे व्हतं. मी म्हटलं, सगळं तेलात ठेव."

राही उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि धाकट्याला कडेवर घेतलं. "मी जाते काकांकडं. माझ्या हातून झालं, मी सांगते."

"जा, सांग," हिरामण म्हणाला. "काका बोटीवरच्या मानसाची चूक पोटात घालतील. पन भाग घरात ठेवू दिले, ही त्यांची सोताची चूक झाली असं त्यांना वाटलं, तर ती न्हाय घालायचे. उद्या इंजिन वाळूत. परवा मी गोदीत. आन् हा डबा पुन्हा तुझ्या हाताला लागायचा न्हाय."

त्यानं शेवटचं वाक्य का म्हटलं ते राहीला कळलं. दुपारच्या त्या तासाचं तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याला कसं कळलं कोण जाणे.

ती गेलीच, पण त्याच्या मागून. घरात थांबवेना. गोदू पदराला लटकून बरोबर आली. धर्माजीकाका ओट्यावर फाटकं जाळं तुणत बसले होते, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेला. हिरामणनं उभ्या उभ्या सांगितलं की रबराचा बुश तेलात ठेवला, तो फुगला, चूक माझी. काकांनी दोरा ओढून गाठ मारली, उरलेला दातांनी तोडला. मग त्यांची नजर हिरामणवरून पायरीशी उभ्या असलेल्या राहीवर आली.

"पोरीचा हात न्हाय ना लागला त्येला?"

राहीनं तोंड उघडलं होतं. आवाज निघायच्या आत हिरामण म्हणाला, "न्हाय. बेरिंगं तिनं राखली, ती आरशासारखी हायेत. बुशात तेल मीच भरलं."

राही धाकट्याच्या पायाच्या बोटांकडे बघत राहिली. गोदूनं पदराला हिसका दिला. राहीनं खाली न बघता तिचा हात धरला आणि जरा जास्तच घट्ट धरला.

"चार म्हयने इंजिनाच्या सरकारी शाळंत पाठवला तुला," काका म्हणाले, "आन् तेल कुठं, पानी कुठं, येवढंबी न्हाय शिकवलं?" मग त्यांनी नवी सुई ओवली. "पुनवेला मचवा दर्यात जानार. पंख्यावर गेला तर पंख्यावर. न्हायतर शीड हाय, आन् शीड मग खाली येनार न्हाय. मर्जी तुझी."

दुसऱ्या दिवशी पहाटेच हिरामण रेवसला गेला आणि लाँचनं मुंबई गाठली. तिसऱ्या दिवशी चिखलानं माखलेला परत आला तो रिकाम्या हातानं. दुकानात कळलं की तसा बुश पुढच्या जहाजानं येईल, जहाज दसऱ्यानंतर. आता हातात पाच दिवस उरले होते.

मार्ग निघाला तो हरेश्वर सुताराकडे. हा मचवे बांधणारा जुना माणूस. पावसाळ्यात काम नसे तेव्हा हातानं फिरवायच्या चरकावर पाळण्याचे खुंट आणि लाटणी कातायचा. त्यानं बुश उलटा-पालटा करून पाहिला, हुंगला, नाक मुरडलं, आणि म्हणाला की पितळ शाबूत आहे तर आतला काळा गाभा काढून टाक, मी त्यात बाभळीचा गाभा बसवून देतो. आगबोटींना पूर्वी लाकडाचेच बुश असत, हे त्यानं त्याच्या बापाकडून ऐकलं होतं. लाकूड परदेशी होतं म्हणे, लोखंडासारखं. पण बाभळीनं काय पाप केलंय?

रबर काढायचं काम राहीनं घेतलं. मासळी कापायची विळी पायाखाली धरून जमण्यासारखं नव्हतं; तिनं कोयतीचं जुनं पातं दगडावर परजलं आणि नळीच्या आत घालून कडेकडेनं खरवडत गेली. दोन दुपारी लागल्या. धाकटा उठला की हात धुवायचे, त्याला पाजायचं, पुन्हा बसायचं. गोदू निघालेले काळे तुकडे गोळा करून त्यांच्या गोळ्या वळत होती. तेल प्यायलेलं रबर चिवट निघालं. आपण भरवलेलं आपणच खरवडून काढायचं, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसूही आलं, पण ते पुरतं हसू नव्हतं.

खरवडता खरवडता तिच्या डोक्यात एक गोष्ट आली. रबर तेलानं फुगलं. लाकूड पाण्यानं फुगत नाही का? घराचं दार ज्येष्ठात नीट लागतं आणि आषाढात अडतं. हरेश्वर कोरड्या लाकडाला दांड्याच्या मापाचं भोक पाडणार, आणि समुद्रात दोन तास गेले की तो गाभाही दांडा आवळून बसणार. संध्याकाळी तिनं हिरामणला हे सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. तसाच खरकट्या हातानं उठून हरेश्वरकडे गेला.

हरेश्वरनं भोक पाडायला घेतलंच होतं. हिरामण म्हणाला, आधी दोन दिवस खाऱ्या पाण्यात बुडवून ठेव, काय फुगायचं ते फुगूदे, मग भोक पाड. सुतारानं गिरमिट खाली ठेवलं. एवढी अक्कल होती तर बुशात तेल कशाला ओतलंस, त्यानं विचारलं. हिरामण म्हणाला, ही अक्कल घरची आहे, राहीची. हरेश्वर मोठ्यानं हसला. बायकोच्या आड लपतोस होय रे, म्हणाला, आणि ते त्यानं वाडीभर सांगितलं. खरं सांगितलं ते कुणाला पटलं नाही, आणि खोटं सांगितलं ते मात्र सगळ्यांना पटलं.

लाकूड दोन दिवस खाडीच्या पाण्यात दगड बांधून ठेवलं. चतुर्दशीला हरेश्वरनं भोक पाडलं, आत पाणी जायला चार खाचा काढल्या, आणि दांडा सरकवला तेव्हा तो वहीच्या कागदाएवढी फट ठेवून आत गेला. हिरामणनं बेरिंगं चढवली, पाणी मचव्यात येऊ नये म्हणून आतल्या बाजूनं चरबी लावलेली सुती दोरी ठासली. पंखा हातानं फिरवून पाहिला तर एका धक्क्यात तीन वेढे घेऊन थांबला.

पुनवेला वाडी किनाऱ्यावर लोटली. नारळ वाहून झाला, मचवा लाटांवरून ढकलला गेला, माणसं चढली. धर्माजीकाका सुकाणूवर. शीड काठीला बांधून तयार ठेवलेलं होतं, दोर एका खलाशाच्या हातात. राही बायकांमध्ये उभी होती, धाकटा कडेवर, गोदू पुढ्यात. इंजिन ठोके द्यायला लागलं. मचवा जागचा हलला. पहिल्यांदा उगाच डुलल्यासारखा, मग सरळ. ती आवाज ऐकत होती. ठोके इंजिनाचे, ते नव्हेत. त्याच्या खाली दुसरा आवाज असतो, दांड्याचा. हिरामणनं सांगितलं होतं, थरथर आधी आवाजात येते. तिनं बायकांचं बोलणं, लाटा, धाकट्याचा हुंकार, सगळं बाजूला सारून तो एक आवाज धरून ठेवला. तो सपाट होता. एकसारखा.

मचव्यानं मोठा फेरा घेतला, खडकांपर्यंत गेला, वळला, पुन्हा किनाऱ्याला समांतर आला. तास झाला असेल, जास्तही असेल. मग लांबून दिसलं की काकांनी हात वर करून काही सांगितलं, आणि दोर धरून बसलेला खलाशी शीड सोडवून, गुंडाळून तळाशी ठेवायला लागला.

राहीच्या शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, बाई गं, रडतेस काय, सणाच्या दिवशी? वारा गेला डोळ्यात, राही म्हणाली.

मचवा परत किनाऱ्याला लागला. उतरता उतरता काका हिरामणला इतकंच म्हणाले की दसऱ्यानंतर रबराचा आणशील तेव्हा पाण्यातच ठेव. "आन् ह्येला आता तेलाच्या बाटलीजवळ बसवू नका रे," असं ते खलाशांकडे वळून म्हणाले. माणसं खो खो हसली. त्याच दिवशी हिरामणला नाव पडलं: तेल्या. तेल्या ड्रायव्हर. पोरांच्या तोंडी ते दुपारच्या आत बसलं. हिरामण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसला, दुसऱ्यांदाही हसला. तिसऱ्यांदा तो पंख्याला अडकलेलं शेवाळ काढायला वाकला होता, त्यामुळे राहीला त्याचा चेहरा दिसला नाही.

घराकडे येताना वाटेत तीन-चार पोरं गोदूच्या मागं लागली. तेल्याची पोर, तेल्याची पोर. गोदू मुकाट्यानं आईचा हात धरून चालत राहिली. कुंपणाशी आल्यावर पोरं मागे राहिली.

"आये," ती म्हणाली, "बाला तेल्या म्हनतात."

"म्हनूदेत."

"पन तेल तू घातलंस. मी बघितलं. मी निजली नव्हती."

राही थांबली. वाटेवर दुसरं कुणी नव्हतं. तिनं खाली बसून गोदूच्या पायाची वाळू झटकली, एका पायाची, मग दुसऱ्या. सांगितलं, कुणाला बोलायचं नाही, बानं तसं म्हटलंय. बा घरी राहावा असं तुला वाटतं ना? गोदूनं मान हलवली. वाटत होतं. मग ती विचारात पडली. तिचा विचार चालला की खालचा ओठ बाहेर यायचा, अगदी हिरामणसारखा.

"न्हाय सांगनार," ती म्हणाली. आणि थोडं चालून गेल्यावर, "पन मी मोठी झाल्यावर सांगितलं तर चालंल?"